वायव्येच्या वाऱ्याची वाट

न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवेवरचे एक्झिटचे आकडे दक्षिणेकडून मोजलेले आहेत. एडिसनहून निघून १३१ च्या आसपास त्या रस्त्याला लागलं, की आकडे उतरत जातात. शंभर, ऐंशी, अडतीस. मागच्या सीटवर बसलेली माझी नऊ वर्षांची भाची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. दोन-सव्वादोन तासांनी शून्य आलं आणि तिनं टाळ्या वाजवल्या. इथे रस्ता संपतो आणि केप मे सुरू होतं.

नवरात्रातला शनिवार होता. बहिणीकडे घट बसलेले होते आणि अखंड दिवा सोडून तिला घराबाहेर पडता येणार नव्हतं. पण आदल्या रात्री फोनवर हवामान पाहत तीच म्हणाली, "ताई, तुम्ही तिघं जा. दोन दिवस दक्षिणेचा वारा होता, आज रात्री वळतोय. उद्या नाही गेलात तर मग पुढच्या वर्षी." पंधरा वर्षं न्यू जर्सीत राहून तिला हे वाऱ्याचं गणित तोंडपाठ झालं आहे. गाडी तिच्या नवऱ्यानं काढली, वाटेत खायला मी साबुदाण्याची खिचडी घेतली, आणि दुपारच्या आत आम्ही त्या टोकाशी पोहोचलो.

नकाशात पाहिलं तर केप मे म्हणजे न्यू जर्सीचं शेपूट. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला डेलावेअरचा उपसागर आणि मध्ये निमुळती होत गेलेली जमीन. थंड हवेची लाट उत्तरेकडून सरकून गेली, की मागोमाग वायव्येचा वारा सुटतो. न्यू इंग्लंडकडून आणि पूर्व कॅनडातून दक्षिणेला निघालेलं जे काही उडतं, ते हा वारा किनाऱ्याकडे लोटतो. ससाणे, चतुर, मुठीत मावतील एवढे पक्षी आणि मोनार्क फुलपाखरं. समोर समुद्र दिसला, की ती पाण्यावर न जाता किनाऱ्याच्या कडेकडेनं खाली येतात, आणि नरसाळ्यात धान्य ओतावं तशी या टोकाशी गोळा होतात. पुढे सुमारे १८ किलोमीटर उघडं पाणी. ते ओलांडायचं तर वारा जोराचा नको आणि उलटाही नको. म्हणून ती इथे थांबतात. कधी एक दुपार, कधी चार दिवस.

ही थांबलेली फुलपाखरं पाहायलाच माणसं येतात.

दीपगृहाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर सी-साइड गोल्डनरॉड फुललेलं होतं. कमरेएवढी झुडपं, त्यांवर हळदी रंगाचे तुरे. लांबून पाहिलं तेव्हा तुऱ्यांमध्ये वाळकी तपकिरी पानं अडकल्यासारखी वाटली. जवळ गेलो आणि पानं उघडली. मोनार्कच्या पंखांची खालची बाजू फिकट, वरची गडद नारिंगी, शिरा काळ्याभोर, आणि काळ्या काठावर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. एका तुऱ्यावर पाच मोजली. पलीकडच्या तुऱ्यावर सात. ती आम्हाला बिचकत नव्हती. सोंड फुलात खुपसायची, काढायची, अर्धा इंच पुढे सरकून पुन्हा खुपसायची. एवढं एकचित्त होऊन खाताना मी दुसरं फुलपाखरू पाहिलेलं नाही. त्याला कारण आहे. वाटेत आणि पुढच्या सबंध हिवाळ्यात याच मधाची चरबी होऊन त्यांना पुरायची असते.

उन्हाळ्यात जन्मलेलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. ऑगस्टच्या अखेरीपासून कोशातून बाहेर पडणाऱ्या पिढीचं तसं नसतं. दिवस लहान होऊ लागलेले असतात, रात्री गार असतात, आणि शरीरातलं एक संप्रेरक कमी झाल्यामुळे या फुलपाखरांची प्रजननाची इंद्रियं वाढायची थांबतात. त्यांचं आयुष्य लांबतं. ती आठ-नऊ महिने जगतात, मेक्सिकोतल्या डोंगरांवर जातात, तिथे हिवाळा काढतात आणि मार्चमध्ये उत्तरेकडे निघून टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरतात. पुढची वाट त्यांची मुलं आणि नातवंडं तोडतात. म्हणजे केप मेच्या तुऱ्यांवर बसलेल्या त्या शेकडो जीवांपैकी एकानंही मेक्सिको पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, ते पणजोबा वसंतातच गेले होते.

मग दिशा कोण दाखवतं? सूर्य. पण सूर्य तर दिवसभर सरकतो, तेव्हा किती वाजले हेही ठाऊक हवं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या स्टीव्हन रेपर्ट यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवून दिलं, की हे घड्याळ फुलपाखराच्या मिशांमध्ये आहे. त्यांनी काही फुलपाखरांच्या मिशांना काळा रंग दिला, काहींच्या मिशांना पारदर्शक. पारदर्शक रंगवाली बरोबर नैर्ऋत्येकडे उडत राहिली. काळ्या रंगवाल्यांचा वेळेचा हिशोब चुकला आणि ती एका दिशेनं, पण भलत्याच दिशेनं उडाली. केसाएवढ्या जाडीच्या त्या मिशा समोर हलताना पाहत असताना हे आठवलं आणि मी बराच वेळ त्या तुऱ्यापासून हलले नाही.

दुपारी दीपगृहाशेजारच्या चौथऱ्यावर टॅगिंगचं प्रात्यक्षिक होतं. शाळकरी मुलं, काठी टेकत आलेली आजी-आजोबा मंडळी, एक गुजराती कुटुंब, आम्ही. निसर्ग-अभ्यासक तरुणीनं कागदी पाकिटातून एक मोनार्क काढलं. चारही पंख मिटलेले, पुढच्या कडेशी दोन बोटांत अलगद धरलेले. तिनं आधी मागच्या पंखावरचा काळा ठिपका दाखवला. हा नर. मादीला तो ठिपका नसतो आणि तिच्या शिरा जाड असतात. मग पट्टीनं पंखाची लांबी मोजली, पोटाला हळूच बोट लावून चरबी किती आहे याचा अंदाज घेतला आणि मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, शिरांनी वेढलेल्या मोकळ्या चौकटीत, नऊ मिलिमीटर व्यासाचा गोल स्टिकर चिकटवून अंगठ्यानं दाबला. मोनार्कचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम आणि स्टिकरचं त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं. त्यावर अक्षरांचा आणि आकड्यांचा एक संकेतांक. तो तिनं वहीत टिपला.

"कुणाच्या हातावरून सोडू?" तिनं विचारलं, आणि भाचीनं तळवा पुढे केला.

फुलपाखरू लगेच उडालं नाही. तिच्या बोटाला धरून बसलं. भाची नाक जवळ नेऊन पाहत होती. थोड्या वेळानं ती कुजबुजली, "मावशी, याला चारच पाय आहेत. किड्याला सहा असतात ना?" मी वाकून पाहिलं. खरंच चार. अभ्यासक तरुणी आमच्याकडे पाहत होती, तिला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण भाचीचं पाय मोजणारं बोट तिला कळलं. तिनं फुलपाखराच्या छातीकडे बोट दाखवलं. पुढचे दोन पाय तिथे आखडून घेतलेले होते, इतके बारीक की छातीवरचे केसच वाटावेत. या कुळातली जवळजवळ सगळी फुलपाखरं चार पायांवर चालतात. मादी त्या पुढच्या आखूड पायांनी पान चाचपून त्याची चव घेते आणि ते अंडी घालायच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवते. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि नर उडाला. टेकडीवरून वर चढला, पंख न हलवता एक घिरटी घेतली आणि झुडपांपलीकडे गेला.

हे स्टिकर लॉरेन्स गावी असलेल्या कॅन्सस विद्यापीठातून येतात. तिथल्या ऑर्ली टेलर यांनी १९९२ मध्ये मोनार्क वॉच हा उपक्रम सुरू केला. स्टिकर लावणारे बहुतेक शिक्षक, शेतकरी, निवृत्त लोक आणि मुलं. मेक्सिकोत जंगलाच्या जमिनीवर मरून पडलेल्या फुलपाखरांत स्टिकर सापडला, तर तो शोधणाऱ्या स्थानिक माणसाला त्याचे पैसे मिळतात. केप मेहून मेक्सिकोतले ते डोंगर सुमारे ३,२०० किलोमीटरांवर आहेत. इथे स्टिकर लावलेली काही फुलपाखरं तिथे सापडलीही आहेत. मात्र अटलांटिक किनाऱ्यानं जाणाऱ्यांपेक्षा अमेरिकेच्या मधल्या राज्यांतली मोनार्क मेक्सिकोत कितीतरी जास्त सापडतात.

स्टिकरची मूळ कल्पना त्याहून जुनी. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कुहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांना एकच प्रश्न छळत होता: हिवाळ्यात ही फुलपाखरं जातात कुठे? त्यांनी पंखावर लेबल लावायचं ठरवलं. डिंकाची पहिली लेबलं पावसात गळून पडली. मग दुकानात मालावर किमतीची लेबलं लावतात, तशी दाबून चिकटणारी लेबलं त्यांनी वापरली. १९५२ पासून त्यांनी स्वयंसेवक गोळा केले. कुणी कुठे लेबल लावलं, ते फुलपाखरू कुठे मिळालं, हे नोराबाई नकाशावर रेघांनी जोडत गेल्या. रेघा टेक्सासकडे जायच्या आणि तिथे तुटायच्या. १९७२ मध्ये नोराबाईंनी मेक्सिकोतल्या वृत्तपत्रांना पत्रं लिहिली. त्यांना उत्तर दिलं केन ब्रगर या तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थानं. तो आणि मिचोआकान प्रांतातली तरुणी कातालिना अग्वादो डोंगर हिंडत राहिले, आणि २ जानेवारी १९७५ रोजी सेर्रो पेलोन या डोंगरावर ती दोघं अशा झाडांपाशी पोहोचली, ज्यांची खोडं आणि फांद्या फुलपाखरांखाली दिसेनाशा झाल्या होत्या.

याला शोध म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथल्या गावकऱ्यांना ती फुलपाखरं पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. ती कुठून येतात, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टोरांटोला एक टोक माहीत होतं, मिचोआकानला दुसरं. दोन्ही टोकं जुळली त्याचा पुरावा पुढच्याच हिवाळ्यात मिळाला. १९७६ च्या जानेवारीत अर्कुहार्ट स्वतः त्या डोंगरावर गेले. फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून खाली पडली, आणि त्या ढिगात त्यांना लेबल लावलेलं एक फुलपाखरू दिसलं. ते लेबल मिनेसोटातल्या चास्का गावच्या शाळकरी मुलांनी आदल्या ऑगस्टमध्ये लावलेलं होतं. त्या साली ऑगस्टमध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली जी तरुणी झळकली, ती कातालिना. नाव मात्र पुढे कितीतरी वर्षं अर्कुहार्टांचंच घेतलं जात राहिलं.

या डोंगरांवर मोनार्क पोहोचतात ती वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांच्या सुमाराची. मेक्सिकोत ते मृतांचे दिवस. गेलेली माणसं घरी येतात म्हणून त्यांच्यासाठी अन्न मांडतात, फुलांच्या कमानी करतात. फुलपाखरं म्हणजे परत आलेले आत्मे, असं तिथे अनेकजण मानतात. त्या कमानींची नारिंगी फुलं झेंडूची असतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. बहिणीच्या घरी घटावर सोडलेली माळ झेंडूची होती, आणि दसऱ्याला आपल्या दारोदारी तोरणं लागतात तीही त्याचीच. मिचोआकानची आणि माझ्या माहेरची ही ओळख मला इतक्या उशिरा व्हावी, याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी चारनंतर वारा मंदावला आणि फुलपाखरं टेकड्यांवरून मागे, लाल सीडरच्या झाडांकडे सरकू लागली. रात्र काढायला ती एकत्र जमतात. आधी एकच येऊन वाऱ्याच्या आडोशाच्या फांदीला लोंबलं. मग दुसरं त्याच्याशेजारी उतरू लागलं, तशी पहिल्यानं पंख फटकन उघडून नारिंगी रंग दाखवला. जागा धरल्याचीच ती खूण वाटली. वीस-पंचवीस मिनिटांत त्या फांदीवर शे-दीडशे झाली. पंख मिटले की झाड वाळलेलं दिसायचं. पश्चिमेचं शेवटचं ऊन ढगाखालून निघून फांदीवर पडलं आणि सगळ्यांनी एकदम पंख उघडले. आमच्याभोवती वीसेक माणसं होती. कुणीही बोललं नाही.

झाडांकडून गाडीकडे येताना कुंपणाशी एक उकललेली शेंग दिसली. मिल्कवीडची. मी ती भाचीच्या हातात दिली आणि फुंकर मारायला सांगितलं. रेशमी केसांचे झुपके एकेक बी घेऊन तरंगत निघाले. "म्हातारी!" मी ओरडले. तिला हा शब्द माहीत नव्हता. मग मी तिला आमच्या गावच्या रुईची गोष्ट सांगितली. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातली. दोघींच्या पानात तोच पांढरा चीक आणि चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं. मोनार्कची मादी मिल्कवीडवरच अंडी घालते. तिचे सुरवंट ती पानं खाऊन दोन आठवड्यांत सुमारे दोन हजार पट वाढतात आणि ते विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. शनिवारी मारुतीला वाहतात त्या रुईच्या पानांवर आपल्याकडे मोनार्कचंच चुलत भावंड वाढतं. प्लेन टायगर. तेही नारिंगी आणि तेही कडू. भारतातली प्लेन टायगरची पुष्कळ छायाचित्रं लोक मोनार्क म्हणून टाकतात, ती या सारखेपणामुळेच.

किनाऱ्यावर काँक्रीटचा एक मोठा ठोकळा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, बांधलेला बंकर. त्याच युद्धात जपाननं जावा बेट घेतलं आणि जीवरक्षक जाकिटांत भरायचा तिथला कापोक नावाचा झाडाचा कापूस अमेरिकेला मिळेनासा झाला. मग शाळेच्या मुलांनी रस्त्याकडेच्या मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या. दोन पोती शेंगांत एक जाकीट, म्हणजे एक जीव. पाण्यावर तरंगणारी ती म्हातारी तेव्हा राष्ट्राच्या कामाची होती. पुढच्या पन्नास वर्षांत तीच वनस्पती तण ठरली. तणनाशक सोसणारं मक्याचं आणि सोयाबीनचं बियाणं आलं, शेतं ग्लायफोसेटनं धुऊन निघाली, आणि मधल्या राज्यांतल्या पिकांच्या ओळींमधून मिल्कवीड नाहीसं झालं.

त्याचा हिशोब मेक्सिकोत हेक्टरमध्ये मांडतात, कारण फुलपाखरं एकेक मोजणं अशक्य असतं. ओयामेल फरची किती झाडं त्यांनी व्यापली, तेवढं क्षेत्र मोजायचं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून जास्त होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७. २०२३-२४ मध्ये ०.९०. पुढच्या हिवाळ्यात ते १.७९ वर आलं आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, हे मला समजतं, पण १८ चा आकडा ज्यानं वाचला आहे त्याला तो श्वास पुरा सोडवत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या वन्यजीव खात्यानं मोनार्कला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली घेण्याचा प्रस्ताव मांडला. मिचोआकानातल्या एल रोसारिओ इथल्या मोनार्कच्या जंगलासाठी झटणारे ओमेरो गोमेस गोन्सालेस २०२० च्या जानेवारीत बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. फुलपाखराचं जंगल राखणं हे जिवावरचं काम असू शकतं.

केप मेचे लोक मोजतात ते मात्र एकेकच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन्ही महिने, दिवसातून तीन वेळा, एक गाडी ठरलेल्या सुमारे आठ किलोमीटरच्या रस्त्यावरून ताशी बत्तीसच्या वेगानं जाते आणि आतला माणूस दिसेल ते मोनार्क मोजतो. शून्य आलं तर शून्य लिहितो. आता न्यू जर्सीतल्याच एका कंपनीनं तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाचा, सौरऊर्जेवर चालणारा ट्रान्समीटर बनवला आहे, आणि २०२५ च्या शरदात त्याच्या मदतीनं काही मोनार्कचा माग थेट मेक्सिकोपर्यंत लागला. विज्ञानाची ही झेप मला सुखावते. पण तीस वर्षं रोज शून्यसुद्धा लिहून ठेवणाऱ्या त्या वह्यांविषयी माझ्या मनात जास्त आदर आहे.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा सीडरपाशी गेलो. हवा इतकी गार होती, की फुलपाखरं जागची हलत नव्हती. सुमारे तेरा अंश सेल्सिअसच्या खाली त्यांना नीट उडता येत नाही. ऊन झाडाच्या शेंड्यावरून खाली सरकत आलं, तसतशी वरच्या फांदीवरची पंख थरथरवू लागली. अंगातले उडायचे स्नायू तापवण्यासाठीची ती थरथर. मग एकेक करून सुटली. वारा हलका, वायव्येचा. नऊच्या सुमाराला किनाऱ्यावर उभं राहून वर पाहिलं तर ती पाण्याकडे निघाली होती.

आम्ही उपसागरापलीकडच्या, डेलावेअरमधल्या लुईसला जाणारी फेरी पकडली. ८५ मिनिटांचा प्रवास. भाचीनं बाबाची दुर्बीण गळ्यात घातली, वहीचं कोरं पान काढलं आणि वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी राहिली. अर्धा तास नुसते सीगल. मग डाव्या हाताला, लाटांच्या वर पुरुष-दीड पुरुष उंचीवर, एक नारिंगी ठिपका बोटीच्या दिशेनंच चाललेला दिसला. चार-पाच वेळा पंख मारायचा, मग तरंगायचा. तो कठड्याजवळून गेला तेव्हा तिनं दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी मागचा पंख पाहिला.

"स्टिकर नाही," ती म्हणाली, आणि वहीत एक लिहिलं.